सोमवारची मोजणी

हिवरदरा, शिरूरजवळ
मंगळवार, २० जानेवारी १९९८

सुग्रीव यास वैजिनाथचा रामराम.

पाच वर्षांत पत्र नाही, त्यामुळे हे पाकीट बघून दचकशील. काही वाईट घडलेलं नाही. पत्र बबिता वाचेल असं धरून चालतो. ती माझ्या दुकानात आली की पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय फेकत नसे. बबिता, जसं लिहिलंय तसं वाच. मधलं गाळू नकोस, पदरचं घालू नकोस.

काम असं आहे. डिसेंबरात आमची मोटार जळाली. धाकट्या रुद्रेशनं वाइंडिंगला बीडला नेली ती एकवीस दिवस झाले, अजून आलेली नाही. काल, म्हणजे १९ तारखेला, मी नेहमीप्रमाणे निरीक्षणाच्या विहिरीचं पाणी मोजलं. कठड्यावरच्या लाल खुणेपासून पाच मीटर पंच्याऐंशी सेंटीमीटर. गेल्या जानेवारीत सात सत्तर होतं. पाऊस यंदा कमी, तरी पाणी एक मीटर पंच्याऐंशी वर. मी टेपला खडू लावून तीनदा सोडला. आकडा तोच.

यावरून मागच्या काही नोंदींत तफावत असावी असं दिसतं. तुला माहीत आहे की आपल्या ओढ्याच्या पाणलोटात सरकारी मोजणीची विहीर एकच, आमची. तिच्या आकड्यांवरून त्र्याण्णव साली गाव 'डार्क' यादीत गेलं आणि नव्या विहिरींची मंजुरी थांबली. तुझा विहिरीचा अर्ज त्याच शिक्क्यानं परत आला होता. येत्या जूनमध्ये बीडचं भूजल ऑफिस यादीचा फेरविचार करणार आहे. गाव बाहेर निघालं तर तुझा अर्ज पुन्हा उघडता येईल.

त्यासाठी तुझा दोर पाहिजे. मेंढरांना पाणी काढायचास तो. दर आखितीला, भर उन्हाळ्यात, बादली पाण्याला टेकली की दोराची जी जागा कठड्याला येई तिथं तू लोकर बांधायचास. तू पहाटे मोटार सुरू व्हायच्या आधी पाणी काढायचास, म्हणून ते आकडे तुलनेला उपयोगी पडतील. माजलगावच्या गाडीवर त्रिंबक कंडक्टर आहे, त्याच्याकडे दे. नीट गुंडाळून. ओला असेल तर आधी वाळव.

सारजाबाईच्या पाठीचं काय? मोळी उचलू नये असं डॉक्टरनं सांगितल्याचं कानावर आलं.

वैजिनाथ शिवलिंगआप्पा शेटे
मानसेवी निरीक्षक (पाणीपातळी व पर्जन्यमान)


हिवरदरा
सोमवार, ९ फेब्रुवारी १९९८

सुग्रीव,

तुमचं कार्ड मिळालं. बबिता, अक्षर सुधारलंय तुझं. मजकूर मात्र तुझ्या बापाचाच. "आप्पा, दोर कावून पायजे? दोर मेंढरांचा हाय, हापिसचा न्हाई. मेंढरं इकली. एक भुरी ठिवली हाय, तिच्याबिगर बापाला झोप लागत न्हाई. आई बरी हाय."

आई बरी हाय. बस, एवढंच. मी विचारलं होतं पाठीचं.

दोर कशाला हे विचारायचा तुला हक्क आहे, म्हणून सविस्तर सांगतो. विहिरीचं पाणी मोजायचं तर ती विसावलेली पाहिजे. उपसा चालू असताना मोजलं तर आकडा खोल येतो. पाणी आटलं म्हणून नव्हे, नुकतं ओढून काढलेलं असतं म्हणून. हे मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. पुस्तकं मागवून, नकाशे बघून शिकलो.

आम्हा लोकांत सोमवारी बैल जुंपत नाहीत, बसवण्णाचा वार. वडील होते तोवर सोमवारी आमच्या विहिरीवर मोट चालली नाही. म्हणून मी सोमवार धरला. एक दिवस विसावलेलं पाणी, आणि मलाही दुकानाची सुट्टी. अठ्ठ्याहत्तरपासून तू टेपचं टोक धरायचास, मी लिहायचो. ऑफिसच्या फॉर्मात एक रकाना आहे, 'उपसा थांबून किती तास'. तिथं मी २४ लिहायचो. मोट रविवारी सकाळीच सुटायची, खरंच तेवढे तास झालेले असत.

नव्वदच्या दिवाळीत रुद्रेशनं मोटार बसवली. मी त्याला सांगितलं होतं की सोमवार पाळायचा. तर म्हणतो, "दादा, मोटार म्हंजे बैल हाय का? तिला कुठं शिंगं हायेत?" लाइट मध्यरात्रीपासून सकाळी दहापर्यंत असायची. तो सोमवारीही पाणी ओढत असणार आणि लाइट गेली की मोटार आपोआप बंद. मी साडेदहाला टेप घेऊन जायचो. मला कल्पना नव्हती. तफावतीचं मूळ तिथं आहे.

दानम्मा आत्ता मागं उभी राहून वाचतेय. म्हणते, "भावावर ढकलून झालं का? आता दोर मागा." बायकांना शास्त्र सांगून उपयोग नाही.

दोर पाठव. तुझ्याच विहिरीसाठी मागतोय.

वैजिनाथ शिवलिंगआप्पा शेटे


हिवरदरा
सोमवार, २ मार्च १९९८

सुग्रीव,

दोर पोचला. त्रिंबकनं सीटखाली ठेवला होता, वर कुणीतरी कोंबड्यांची पाटी टेकवली, पण शाबूत आहे.

शनिवारी दुकान लवकर बंद करून मी तो ओट्यावर सरळ पसरला आणि टेपनं मोजला. लोकरीच्या गाठी अकरा. पहिली पाच मीटर नव्वदवर, शेवटची आठ मीटर तीस. सगळ्या गाठींचे आकडे सेंटीमीटरपर्यंत माझ्या वहीत आहेत. आजवर मी केलेल्या मोजणीत इतकी स्वच्छ मोजणी दुसरी नसेल.

आणि मला त्यातलं काही कळत नाही.

कारण कुठली गाठ कुठल्या सालची हे दोरावर कुठं आहे? जुना दोर झिजला की तू गाठी नव्यावर उतरवायचास, तेव्हा त्या क्रमानं राहिल्या असतील असं धरलं होतं. पण पाणी एका वर्षी वर, एका वर्षी खाली, त्यामुळे क्रमाला अर्थ नाही. रंगानं लावून बघितलं. काळ्या सहा, भुऱ्या तीन, एक पांढरट, एक अशी की कुठलाच रंग म्हणवत नाही. भिंग लावून बघितलं. वच्छलाबाईच्या नातवाकडे मेंढरं आहेत, त्याला बोलावलं. तो हसायला लागला. म्हणतो, "आप्पा, ही वळख ज्याची त्यालाच. पराया मेंढराची लोकर मला कशी वळखू येईल?"

ऑफिसला साल लागतं. सालाशिवाय आकडा म्हणजे नुसता दोर. म्हणून सोबत कागदावर रकाने आखून पाठवतोय. डावीकडे गाठीचं अंतर आणि रंग मी लिहिलंय. उजवीकडे बबिता, बापाला विचारून साल भर. पेननं भर, पेन्सिल नको. शंका असेल तिथं प्रश्नचिन्ह दे, अंदाजानं भरू नकोस.

मला विशेषतः एक्क्याण्णव, ब्याण्णव आणि त्र्याण्णव या तीन सालच्या गाठी पाहिजेत.

वैजिनाथ शेटे


हिवरदरा
सोमवार, १६ मार्च १९९८

सुग्रीव,

माझा कागद कोराच परत आला. मागच्या बाजूला बबिताच्या अक्षरात एकच ओळ. "बाप म्हणतो, आप्पाला वाचता येतं, वाचा म्हणावं."

दानम्मानं कागद माझ्या हातून घेतला, वाचला आणि पदर तोंडाला लावून आत गेली. हसत होती की काय ते मी विचारलं नाही.

ठीक आहे. मी काय बोललो होतो ते तू विसरला नाहीस. मीही नाही. बबिता तेव्हा लहान होती, तिला माहीत नसेल, म्हणून तिच्यादेखत लिहितो.

बबिता, त्र्याण्णवच्या जूनची गोष्ट. माझ्या नोंदी जिल्ह्यात सगळ्यांत नियमित म्हणून साहेब स्वतः गावात आले आणि दुकानासमोर मला प्रमाणपत्र दिलं. पंचवीस-तीस माणसं होती. तुझा बाप मागं काठीला टेकून उभा होता. यादी त्याच दिवशी वाचून दाखवली. तेव्हा तो म्हणाला, "सायेब, आप्पा हिरीवर येतेत तवा ती दमलेली असती. मोटार बंद हून अर्धा तासबी झालेला नसतो. पळून आलेल्या माणसाची नाडी बघून तुमी त्याला ताप हाय म्हणताल का?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणालो, "मेंढरामागं फिरणाऱ्यानं मला पाणी शिकवू नये. आधी सही करायला शीक, मग बोल."

लोक हसले. शहादेव तर पोट धरून. तुझ्या बापानं काठी उचलली आणि गेला. टेपचं टोक पुन्हा धरलं नाही. दसऱ्यानंतर तुम्ही सगळे टोळीबरोबर उसाला गेलात. टोळ्या दर वर्षी जातात आणि परत येतात. तुम्ही आला नाहीत.

इथवरचं गावाला ठाऊक आहे. पुढचं कुणाला नाही, दानम्मालासुद्धा नाही. ती आज माहेरी गेलीय म्हणून लिहू शकतोय.

फेब्रुवारीच्या पत्रात मी लिहिलं की मला कल्पना नव्हती. ते खोटं आहे.

२० मे १९९१, सोमवार. तू टेप घेऊन ओढ्याच्या बाजूनं येत होतास, अजून लांब होतास. मी विहिरीवर पोचलो तर पाइपाच्या तोंडातून पाणी ठिबकत होतं. मोटारीला हात लावला. कढत. पाण्याच्या वरचा दगड चांगला पुरुषभर ओला, म्हणजे पाणी नुकतंच खाली गेलेलं. मला सगळं समजलं, सुग्रीव. समजायला मला काही पाच मिनिटंही लागली नाहीत. माझ्यापेक्षा ते ओळखणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता, हे आजही मी म्हणतो.

मग तू आलास, टोक धरलंस, आकडा आला नऊ मीटर पाच. आणि 'उपसा थांबून किती तास' या रकान्यात मी २४ लिहिलं.

का लिहिलं याची कारणं मी इतकी वर्षं स्वतःला निरनिराळी सांगितली. दुसऱ्या दिवशी परत येऊन मोजलं असतं तर तेरा वर्षांचा सोमवार चुकला असता, हे एक. ऑफिस काय म्हणेल, हे दुसरं. खरं कारण ते नाही. तिथं खरा आकडा लिहिला असता तर माझ्याच अक्षरात सरकारदरबारी नोंद झाली असती की शिवलिंगआप्पाच्या घरात सोमवार मोडला, आणि मोठ्या मुलाचं धाकटा ऐकत नाही. ते मला लिहायचं नव्हतं. पुढं दर वेळी २४. पाइपाकडे बघायचंच मी सोडून दिलं.

दोन वर्षांनी तू तेच चारचौघांत बोललास. तुला नुसती विहीर दिसली होती. मला वाटलं, तू माझं घर बघितलंस.

तुझा अर्ज माझ्या अक्षरानं परत गेला. साल भरायचं की नाही ते तू ठरव. न भरलंस तरी मी ऑफिसला हे कळवणार आहे. पण दोराशिवाय माझ्या म्हणण्याला पुरावा नाही, आणि तो दोर मला वाचता येत नाही.

वैजिनाथ


हिवरदरा
सोमवार, ६ एप्रिल १९९८

सुग्रीव,

बबिताचं पत्र आलं. चार पानं. मी ती पानं ऑफिसला द्यायच्या आधी माझ्या वहीत उतरवून घेतली, शब्द न बदलता.

"काळी, पहिल्या गाठीची, ती लंगडीची, आक्का बाळंत झाली त्या सालची. पांढरट हाय ती इठ्या बोकडाचा भाऊ म्हणायचो त्या एडक्याची, तवा गारा पडल्या. रंग कळंना म्हणता ती लांडग्यानं नेली त्या मेंढीची, नुसती शेपटाकडची लोकर घावली, तीच बांधली, ते मोटारीच्या दुसऱ्या उन्हाळ्याचं साल." असं अकराच्या अकरा. बापानं एकदाही अडखळून सांगितलं नाही म्हणतेस. विश्वास आहे.

मी प्रत्येक साल दुसऱ्या कशाशी तरी ताडून बघितलं. आक्काच्या मुलाचा शाळेतला दाखला, गारांची माझ्या पर्जन्य वहीतली नोंद. अकरापैकी सात ताडता आली. सातही बरोबर.

आता आकडे. एक्क्याण्णव, मी लिहिलेलं नऊ पाच, तुझ्या दोरावर सात साठ. ब्याण्णव, माझं नऊ साठ, तुझं आठ तीस. त्र्याण्णव, माझं नऊ चाळीस, तुझं आठ. तुझं पाणी खाली जात होतं हे खरं, दुष्काळ होता. पण गाव यादीत जायला नऊ मीटर ओलांडावं लागत होतं. तुझ्या दोरानं ते एकदाही ओलांडलेलं नाही.

तू बरोबर होतास. हे वाक्य बबिता, दोनदा वाच.

मंगळवारी स्वतः बीडला गेलो. सही केलेला जबाब, दोराचे आकडे, बबिताची पानं, सगळं दिलं. प्रमाणपत्रही परत केलं. नवे साहेब तरुण आहेत. त्यांनी दोर टेबलावर पसरायला लावला, दोन माणसं बोलावली. मग म्हणाले, "शेटे, जुनी नोंद आम्ही दुरुस्त करू. पण मंजुरी आजच्या पाण्यावर मिळते. मे महिन्यात मोटार किमान छत्तीस तास बंद ठेवून आमच्या माणसासमोर मोजा. विसावलेलं पाणी नऊच्या आत आलं की गाव यादीतून काढतो, आणि तुमच्या त्या माणसाचा अर्ज पहिला घेतो."

मोजणी १८ मे. सोमवारच आहे. शनिवारी रात्री मी स्वतः स्टार्टरला कुलूप लावणार, किल्ली दानम्माकडे. तिला सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सारजाबाईला मी बी पत्र लिवणार." तिला वाचता येतं, लिहिता येत नाही. मी लिहून देईन म्हणालो, तर म्हणते, "तुमच्या हातचं नको."

वैजिनाथ


हिवरदरा
मंगळवार, १९ मे १९९८

सुग्रीव,

काल मोजणी झाली. आधी आकडा सांगतो, कारण तू त्याचीच वाट बघत असशील.

दहा मीटर एकोणीस.

कुलूप छत्तीस तास होतं. पाइप कोरडा, मोटार थंड, ऑफिसच्या माणसानं हात लावून बघितलं. टेप चारदा सोडला. शेवटी मी तुझा दोर, तुझीच बादली बांधून सोडला. बादली पाण्याला टेकली आणि तुझी शेवटची, आठ तीसची लोकर कठड्याच्या आत गेली. तिच्याही पुढं जवळजवळ दोन मीटर कोरा दोर.

कारण मला कळायला हवं होतं. तुम्ही गेल्यानंतर गावात बोअर आले. दक्षिणेकडून गाड्या येतात, चार तासांत दोनशे फूट जातात. रुद्रेश त्यांचाच दलाल झालाय, शिरूरला एसटीडी बूथशेजारी बोर्ड लावलाय त्यानं. यादीनं विहिरी अडवल्या, बोअर कुणी अडवले नाहीत. आपल्या ओढ्याला आता चौदा आहेत. मी मोजलेत. गाव यादीत गेलं तेव्हा यादीतलं नव्हतं. आता आहे.

ऑफिसचा माणूस आकडा न बघताच सावलीत पाणी प्यायला गेला तेव्हा रुद्रेश जवळ आला. "दादा, आठ एकोणीस लिव्हा. कोन उतरून बघतंय? सुग्रीवची हिर हुईल, गाव सुटंल, तुमचंबी मन मोकळं हुईल."

खोटं कशाला सांगू, पेन हातात होतं आणि मी थांबलो. तुझ्यासाठी थांबलो. एक आकडा. सात वर्षांपूर्वी मी खोटा आकडा लिहून तुझी विहीर घेतली, आता खोटाच लिहून परत देता आली असती. मग तुझ्या रानात ती विहीर डोळ्यांपुढं आणली. तुझ्या रानाला नऊ मीटरवर काळा पाषाण लागतो, मी त्याचा नकाशा काढलाय. पाणी दहाच्या खाली. तू आणि सारजाबाई, तिच्या त्या पाठीनं, पाषाण फोडत बसला असता आणि खाली कोरडं निघालं असतं. मी दहा एकोणीस लिहिलं. 'उपसा थांबून किती तास', ३६. सही केली.

म्हणजे तुझी विहीर होणार नाही. माझ्यामुळे तेव्हा झाली नाही आणि आता होण्यासारखी राहिली नाही. हे मला दुसरं कुणी सांगावं असं वाटत नाही म्हणून मीच लिहितोय.

आता माझ्या हातात जे आहे ते सांगतो. आमच्या विहिरीच्या पाळ्या अशा आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार माझे. बुधवार, शुक्रवार, रविवार रुद्रेशचे. सोमवार कुणाचा नाही. आज सकाळी मी तलाठ्याकडे अर्ज दिला, की माझा मंगळवार सुग्रीवच्या गटाला कायमचा द्यावा आणि सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात तशी नोंद घ्यावी. तुझं रान ओढ्यापलीकडे, पाइप दीडशे फूट लागेल, तो आहे माझ्याकडे. मंगळवार मुद्दाम निवडला. सोमवारी विहीर विसावते, म्हणून मंगळवारी तिच्यात आठवड्यातलं सगळ्यांत जास्त पाणी असतं. एक एकर ज्वारी आणि थोडी मिरची निघेल, जास्त नाही. जास्त निघेल असं मी सांगणार नाही.

सोमवार पाळला जाईल याची हमी रुद्रेशनं दिलेली नाही. किल्ली दानम्माकडेच आहे आणि तिला तो घाबरतो.

तुझ्या कोपीशेजारून पाट वाहतो म्हणतात, बारमाही. ते सोडून एका वाराच्या पाण्यासाठी ये असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? म्हणत नाही. बबिता, तूही बापाला भरीस घालू नकोस. वाच आणि कागद त्याच्याजवळ ठेव.

फक्त एक राहिलं. प्रमाणपत्र टांगलेलं होतं त्या खिळ्याला आता दोर आहे. यंदाच्या सालची गाठ त्याच्यावर नाही. तू गेल्यापासूनच्या मागच्या चार सालच्याही नाहीत, त्या आता बांधता येणार नाहीत, पण यंदाची जागा मला माहीत आहे. तिथं मी खडूनं खूण केली होती. आज सकाळी बघितलं तर पुसट झालीय.

लोकर इथं मिळेल, वच्छलाबाईच्या नातवाकडे. पण ती बांधून उपयोग नाही. पुढं कुणाला ओळखू येणार नाही.

भुरीची लोकर आण.

वैजिनाथ